पुढची खाच

शेड पडल्याचा फोन आला तेव्हा तो मेणाच्या हिरडीत दात बसवत होता. कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे साचे येत आणि त्यांवरून तो अनोळखी माणसांच्या चावण्याची, हसण्याची सोय करून पाठवी. आईचं सोडलं तर ज्यांचे दात त्यानं घडवले त्यांतलं एकही तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. फोन बायकोचा होता. "अहो, मागची शेड पडली. गाडीवरच पडली." त्यानं विचारलं, "आई?" "त्या ठीक आहेत. पण तिथंच उभ्या आहेत, आत यायला तयार नाहीत." "येतो," तो म्हणाला. फोन ठेवला आणि राहिलेला सुळा आधी बसवला, शेजारच्या दाताशी त्याचा कल जुळतो का ते उजेडात धरून बघितलं, आणि मगच हात धुतले. दुसरा कोणी असता तर हातचं टाकून धावला असता. आपला हात जरासुद्धा हलला नाही याचं त्याला एके काळी कौतुक वाटायचं. हल्ली त्याची भीती वाटे. म्हणजे, वाटायला हवी असं वाटे.

घरामागच्या त्या शेडमध्ये एक मोटार होती. होती म्हणजे भिंत असते तशी होती. तो पाच वर्षांचा असताना वडील गेले, तेव्हापासून ती तिथंच. सगळे तिला 'बाबांची गाडी' म्हणत आणि तेवढ्या नावावर ती इतकी वर्षं वाचली होती. तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर मोडक्या खुर्च्या, अर्धे संपलेले रंगाचे डबे, मुलीची लहानपणची सायकल. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, सायकल तिथंच राहिली. बायको म्हणायची, "ही बया खायला मागत नाही एवढंच. भुईला भार तो भारच." तो घरी पोचला तेव्हा शेजारची चार माणसं जमली होती. पत्रे एका बाजूला घसरले होते आणि ताडपत्री टराटरा फाटून गाडीचं पुढचं अंग उघडं पडलं होतं. इतक्या वर्षांनी तिच्यावर ऊन पडत होतं. धुळीखालून फिकट हिरवा रंग दिसला, आणि त्याच्या लक्षात आलं की गाडीचा रंग आपल्या डोक्यात काळा होता. आई बॉनेटवर हात ठेवून उभी होती, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. त्याला बघून ती म्हणाली, "हिला चालू कर."

"कशाला?"

"मला बसायचंय."

"आई, भंगारवाला सुद्धा आता उचलून न्यायचे पैसे मागेल," बायको म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. व्यवहार बोलून दाखवायचं काम घरात कोणीतरी करायला हवं म्हणून ती ते करी. आईनं तिच्याकडे बघितलंच नाही. "माझं एवढं ऐक," ती त्यालाच म्हणाली. आईनं आजवर काय काय मागितलं ते तो आठवू लागला आणि त्याला काही आठवेना. ती टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करायची, डबा भरून द्यायची, त्याचे बूट स्वतः पॉलिश करायची. मागायची मात्र नाही. "बरं," तो म्हणाला. नाही म्हणायला माणसाच्या आत काहीतरी लागतं. मत म्हणा, जोर म्हणा. 'बरं' आपोआप निघतं.

गॅरेजवाल्याला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याला हळू बोलता येत नसे. जुन्या गाड्यांचं त्याला वेड. त्यानं बॉनेट उघडलं, आत टॉर्च मारला, नाक खुपसून वास घेतला आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, मेली नाहीये ही! झोप लागलीय नुसती!" दोरानं बांधून गाडी त्याच्याकडे नेली. तिची चारही चाकं जाम होती, ती फिरेनात, फरपटत गेली आणि रस्त्यावर मागे दोन काळ्या रेघा उठल्या. आई फाटकाशी उभी राहून बघत होती. मग संध्याकाळी काम सुटल्यावर अधूनमधून गॅरेजवर जाऊन बसायची त्याला सवय लागली. का जातो, असं बायकोनं एकदा विचारलं. तो म्हणाला, "बघतो काय चाललंय." ते खरंच होतं. तो बघतच असे. इंजिन गंजून आतल्या आत घट्ट धरून बसलं होतं. भोंग्यानं प्लग काढून त्या भोकांतून तेल ओतलं आणि सांगितलं, आता थांबायचं, मुरू द्यायचं, हिच्याशी जबरदस्ती केली तर मोडेल. मागच्या सीटच्या आत उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले होते. पेट्रोलच्या टाकीत पेट्रोलचा डिंक झाला होता, आणि त्याचा वास असा की बाहेर पडल्यावरही शर्टाला येई. रबरी नळ्या बोटांत धरल्या की त्यांचा बिस्किटासारखा चुरा होई. तो बाकड्यावर बसून चहा पीत हे सगळं बघे, आणि भोंगा गाडीच्या पोटाखालून ओरडून बोलत राही. "साहेब, आमच्या धंद्यात मेल्या म्हशीला मणभर दूध! जो येतो तो सांगतो, आमची गाडी काय पळायची, काय पळायची! तुम्ही एक काही सांगत नाही. वडिलांची ना?" "हो." "मग सांगा की काहीतरी. कामाला हुरूप येतो."

सांगण्यासारखं त्याच्याकडे एकच होतं, आणि ते त्यानं भोंग्याला सांगितलं नाही. लहानपणी आईला मात्र पुष्कळदा सांगितलं होतं, झोपायच्या आधी, गोष्ट सांगावी तसं. तो मागच्या सीटवर आडवा आहे. अंगावर काहीतरी लोकरीचं, टोचणारं. अंग गरम आहे, म्हणजे ताप असावा. गाडी चालली आहे आणि समोरच्या काचेतून मावळतीचं ऊन सरळ आत येतंय. त्या उन्हासमोर बाबांची मान, कोटाची उभी कॉलर, आणि एक कान, ज्याच्या आरपार ऊन गेल्यामुळे तो लालबुंद दिसतोय. कोटाला तंबाखूचा वास. एक हात वर जातो, आरसा नीट करतो आणि खाली येतो. कुठं चाललोय हे विचारावंसं वाटत नाही, कारण नेणाऱ्याला माहीत आहे. बस, एवढंच. त्या आठवणीत आई नव्हती. पुढं शेजारची सीट होती, पण तिच्यावर कोणाचं डोकं दिसत नव्हतं. वडिलांचा चेहरा त्याला फोटोवरूनच ठाऊक होता. ती मान मात्र त्याची स्वतःची होती. पुढच्या आयुष्यात तो बस, आगगाड्या, विमानं, लिफ्ट, सगळ्यांत बसला, लग्न केलं, मुलीला शाळेत पोचवलं, तिला सासरी पाठवताना सामानाचे पट्टे ओढून ओढून तपासले, आणि सगळे रडत असताना आपण पट्टेच का तपासतोय हे त्याला कळलं नाही. काही वाटत नव्हतं असं नाही. वाटणं शेजारच्या खोलीत चालल्यासारखं असे. आवाज यायचे, शब्द लागायचे नाहीत. कोणी विचारलं असतं की तुला शेवटचं नीट, पूर्ण असं कधी वाटलं, तर त्यानं त्या मागच्या सीटवरचं ऊन सांगितलं असतं. पण असं कोणी विचारत नाही.

एका संध्याकाळी भोंग्यानं लांब दांडा लावून इंजिनाचा मुख्य नट ओढला आणि आत काहीतरी कुरकुरून सरकलं. बंद दार उघडताना घर जसं आवाज करतं तसा आवाज झाला. भोंगा नाचलाच. "हललं! साहेब, हात लावा, हात लावा!" त्यानं हात लावला. लोखंड गार होतं. "छान," तो म्हणाला. भोंग्यानं त्याच्याकडे जरा बघितलं आणि पुन्हा कामाला लागला. त्या आठवड्यात मुलीचा फोन आला. "बाबा, खरंच हलली? मी असते तर रडले असते." "इंजिन नुसतं फिरलंय," तो म्हणाला, "चालू व्हायचंय अजून." "बाबा, तुम्हाला आनंद झाला का ते सांगा." तो विचार करत राहिला, इतका वेळ की ती म्हणाली, "असू दे, आईला द्या फोन."

मग आतल्या कामाला हात घातला. ब्रेक, तारा, सीटा. भोंग्याला चालवणाऱ्याची सीट मागं सरकवायची होती, ती काही केल्या सरकेना. खाली पट्टीला खाचा होत्या आणि सीटचा आकडा सगळ्यात पुढच्या खाचेत गंजून बसला होता. भोंगा खाली डोकं घालून ओरडला, "वडील उंचीला कमी होते वाटतं?"

"नाही. उंच होते. दारातून वाकून यायचे म्हणतात."

"मग चालवायचे कसे? गुडघे हनुवटीला लागले असतील की!" आपल्याच विनोदावर भोंगा हसला आणि हातोडीनं आकडा ठोकू लागला. इकडे तो बाकड्यावरून उठला. माप हा त्याचा धंदा होता. वरचा जबडा खालच्यावर कसा बसतो यावर त्याचं पोट चालत होतं, आणि इथं काहीतरी बसत नव्हतं. "थांबा," तो म्हणाला. "ती तशीच राहू द्या." स्वतः आत शिरून तो त्या सीटवर बसून बघू लागला. स्टिअरिंग छातीला लागलं, गुडघे खाली अडकले. वडील त्याच्याहून वीतभर उंच होते. बाहेर येताना त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, आणि भोंगा "सांभाळा" म्हणाला तरी दुखलंय हे त्याला घरी पोचल्यावर कळलं.

आई तिच्या खोलीत खाटेवर बसली होती. अंधार पडू लागला की ती कवळी काढून पाण्याच्या पेल्यात ठेवत असे, त्यामुळे संध्याकाळनंतरचे तिचे शब्द मऊ, कडा नसलेले येत. पेल्यातले दात त्यानंच केलेले होते. तिच्या तरुणपणच्या फोटोवरून पुढचा एक दात त्यानं मुद्दाम जरासा वाकडा ठेवला होता. तो खुर्ची ओढून बसला. "आई, गाडी कोण चालवायचं?"

तिनं पेला जरा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मी."

"आणि बाबा?"

"ह्यांना हौस दांडगी. पण स्टिअरिंग हातात आलं की घाम फुटायचा. पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी कुंपणात घातली, आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला माझ्या भावानं शिकवलं होतं. मी चालवायची आणि हे शेजारी बसून सूचना करायचे." ती हसली. दात नसलेलं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. "सगळं गाव हसायचं. हे गेले, मग कोणी हसेना. गाडी आपोआप ह्यांची झाली. गेलेल्या माणसाच्या नावावर काय काय चढतं."

"मग मला आठवतं ते? मला ताप होता. बाबांची मान. कोट."

आईनं गुडघ्यावरची शाल सारखी केली. "तुला ताप नव्हता," ती म्हणाली. "दुपारपासून ह्यांच्या छातीत दुखत होतं. मी ह्यांना पुढं बसवलं. बसवलं कसलं, ते घसरूनच पडले सीटमध्ये. घरात दुसरं कोणी नव्हतं, तुला झोपेतून उचललं, ब्लँकेटात गुंडाळलं नि मागं टाकलं. खुंटीवर ह्यांचा कोट होता, तोच अंगात घातला. केस त्याच्या आधी महिनाभर कापले होते मी, मानेपर्यंत, ऑफिसात सगळ्या जणी कापत होत्या म्हणून. तुला दवाखान्याजवळ माझ्या मैत्रिणीकडे दिलं. तू उठलासही नाहीस."

बाहेर बायको भांडी आवरत होती, तिचा आवाज थांबला. ती दाराशी येऊन उभी राहिली असावी. तो पेल्यातल्या दातांकडे बघत होता. पाण्यामुळे ते मोठे दिसत होते. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं, असं त्याला वाटलं, आणि त्यानं थोडा वेळ वाट बघितली. "सांगितलं का नाहीस?" त्यानं शेवटी विचारलं.

"कसं सांगू? तू रोज तेच सांगायचास, बाबा मला घेऊन चालले होते म्हणून. इतक्या सुखानं सांगायचास. तुझ्याजवळ त्यांचं दुसरं होतं काय? मी तर तुझ्यासमोरच होते रोज." मग, जणू बोलणं संपून आता कामाचं सुरू झालं, अशा आवाजात ती म्हणाली, "त्या दिवशी गाडी मी नेली, पण परत नाही आणली. दीर आले, दोन माणसं लावून त्यांनी ढकलत आणली नि शेडमध्ये घातली. मी रिक्षानं आले. तेवढं राहून गेलंय माझं. तिथपर्यंत तू ने. येताना मी चालवते."

"ऐंशीला आलात आई तुम्ही!" बायको दारातून म्हणाली. "आणि हे बरं म्हणतील, यांचं काय! वेड लागलंय का दोघांना? रस्त्यावर काही झालं म्हणजे?" तो त्या वेळी 'बरं' म्हणाला नाही, हे बायकोच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "नेतो मी तिला." बायको आत गेली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी, रस्ते रिकामे असताना, ते निघाले. भोंग्यानं गाडीला रंग दिला नव्हता, नुसती घासूनपुसून स्वच्छ केली होती. फिकट हिरव्यातून ठिकठिकाणी लोखंड दिसत होतं. निघताना बायको घरातून एक जाड उशी घेऊन आली आणि आईच्या मांडीवर ठेवून गेली. जाताना तो चालवत होता, गुडघे आवळून, स्टिअरिंग छातीशी धरून, चोरून दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखा. दवाखाना कधीच गेला होता. त्या जागी फर्निचरचं मोठं दुकान होतं, आणि काचेमागं कोणी न बसलेले सोफे ओळीनं मांडले होते. आईनं काच खाली केली आणि बराच वेळ बघितलं. "दरवाजा इथं होता," ती म्हणाली. "पायऱ्या होत्या. एकजण स्ट्रेचर आणायला गेला तो विडी पिऊनच आला." ती उतरली, पुढून वळसा घालून आली. त्यानं तिच्या पाठीशी उशी ठेवली, ती तिनं काढून खाली ठेवली आणि तिच्यावर बसली. सीट तिला बरोबर झाली. तिनं आरसा हलवला, पाय क्लचवर टेकवून दाबून बघितला, किल्ली फिरवली. पहिल्यांदा गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही. दुकानाचा पहारेकरी हात हलवत येऊ लागला. "आजीबाई, इथं नाही शिकायचं!" तो ओरडला. "शिकून झालंय माझं," आई म्हणाली, आणि तिसऱ्यांदा गाडी निघाली.

ती सावकाश चालवत होती, रस्त्याच्या कडेकडेनं. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढं जात. तिचे हात स्टिअरिंगवर सुरकुतलेले, शिरा वर आलेल्या, पण वळताना ते एकमेकांना स्टिअरिंग देत-घेत होते ते अगदी सराईतपणे. तो शेजारी बसला होता. पायाशी पत्र्यात एक भोक राहून गेलं होतं, त्यातून गार वारा पायजम्यात शिरत होता. पुलाजवळ आल्यावर ती म्हणाली, "इथं तेव्हा रेल्वेचं फाटक होतं. बंद होतं. मालगाडी चालली होती, संपता संपेना. ह्यांनी हात माझ्या हातावर ठेवला होता, ह्या गिअरवर. मी डबे बघत होते. मग फाटक उघडलं. गिअर टाकायला गेले तर हात जड." तिनं पूल चढताना पाय दाबला, इंजिनानं आवाज केला. "उचलून बाजूला ठेवावा लागला. मागची माणसं हॉर्न वाजवत होती. मग पुढं दवाखान्यापर्यंत मला माहीतच होतं. तरी मी भरभर चालवली. कोणाला सांगितलं नाही. दवाखान्यात गेले असंच सांगितलं."

पूल संपला. त्यानं विचारलं, "त्याआधी काही बोलले?"

समोर एक सायकलवाला आडवा आला, तो जाईपर्यंत आई थांबली. "म्हणाले, हळू घे. पोर झोपलंय मागं."

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती. हे खरं असेल. किंवा नसेल. जिनं स्वतःची मान, स्वतःचा कान आणि आरसा नीट करणारा हात इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर राहू दिला, तिला त्याच माणसाच्या नावावर एक वाक्य चढवणं काय कठीण होतं? विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, आणि म्हणूनच त्यानं विचारलं नाही. आपला जबडा थरथरतोय हे त्याच्या लक्षात आलं. दात एकमेकांवर वाजत होते, बारीक, भराभर, आणि ते वाजणं थांबवायचं कसं हे त्याला, इतक्या तोंडांची मापं जुळवणाऱ्याला, माहीत नव्हतं. वाऱ्यामुळे असेल म्हणून त्यानं पाय त्या भोकावरून उचलला. थरथर थांबली नाही. धरायला काहीतरी हवं म्हणून त्यानं हात पुढं केला, आणि तो गिअरवरच्या तिच्या हातावर जाऊन पडला.

घराची गल्ली आली. बायको रस्त्याच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात पसरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवत, गाडीला वळायला जागा मिळावी म्हणून.

"हात काढ रे," आई म्हणाली. "गिअर टाकायचाय."

त्यानं हात काढला.